थांब म्हणावं तिला

"सर, काउंटरवर गिऱ्हाइकाला 'थांबा' म्हणायचं असलं तर 'स्टे' म्हणायचं का 'वेट'?"

हा प्रश्न सुलभा आवटी यांचा. त्या पतपेढीत कारकून होत्या आणि ऑफिस सुटलं की माझ्या क्लासला यायच्या. २००३ सालचा जानेवारी होता. इचलकरंजीत एका कापडाच्या दुकानावर मी 'मगदूम इंग्लिश स्पीकिंग क्लास' चालवत होतो. दिवसा हायस्कूलमध्ये आठवी ते दहावीला इंग्रजी, आणि संध्याकाळी हा क्लास.

मला असले प्रश्न फार आवडत. मी खडू घेतला आणि फळ्यावर एकाखाली एक शब्द लिहिले.

"वेट म्हणजे थोडा वेळ. काहीतरी व्हायचंय, कुणीतरी यायचंय, तोवर थांबा. होल्ड ऑन फोनवर बोलताना. हँग ऑन मित्राला, साहेबाला नाही. स्टे बॅक म्हणजे बाकीचे गेले तरी तुम्ही मागं थांबा. आणि स्टे म्हणजे जाऊच नका, राहा. आवटीबाई, तुम्ही गिऱ्हाइकाला स्टे म्हणालात तर तो घरनं अंथरूण घेऊन येईल."

सगळा क्लास हसला. आवटीबाईही हसल्या. हशा संपल्यावर मी जाहीर केलं, "उद्या साडेपाचला कुणी चुकवू नका. आपल्या क्लासला स्वीडनच्या एक बाई भेट देणार आहेत. तुमच्याशी इंग्रजीत बोलतील. फोटोग्राफर सांगितलाय."

त्या बाईंनी मला अजून होकार दिला नव्हता. मी त्यांना पाहिलंसुद्धा नव्हतं.

त्याचं असं झालं. आठवड्यापूर्वी हेडमास्तरांनी मला ऑफिसात बोलावून फोन हातात दिला होता. पलीकडे पुण्याच्या नीरजा परचुरे नावाच्या समाजसेविका होत्या. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांच्या संस्थेतून एक तान्ही मुलगी स्वीडनमधल्या जोडप्याकडे दत्तक गेली होती. ती आता आपल्या आईला भेटायला येत होती, आणि आई आमच्या गावात होती. अक्काताई लोहार, यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरणारी.

"मला त्या दिवशी कोर्टात तारीख आहे, येता येत नाही," परचुरेबाई म्हणाल्या. "अक्काताईंना इंग्रजी येत नाही, मुलीला मराठीचा एक शब्द येत नाही. मधे तुम्ही. त्या दोघी जे बोलतील तेच सांगायचं, मगदूम सर. कमी नाही, जास्त नाही."

"मॅडम, वीस वर्षं इंग्रजी शिकवतोय," मी म्हणालो.

क्लासमध्ये जाहीर केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता मी शाळेच्या फाटकाशी उभा होतो. लग्नातला कोट घातला होता, टाय बांधला होता. कोल्हापूरहून भाड्याची गाडी आली. यासीन नावाचा ड्रायव्हर आणि मागं ती. योहाना. मला गोरी बाई दिसेल असं उगाचच वाटलं होतं. ही आमच्याच मागच्या गल्लीतली कुणी असावी अशी, सावळी, रुंद कपाळाची. फक्त बसण्याची ढब वेगळी आणि केस बारीक कापलेले. हातात एक जाड वही घट्ट धरून बसली होती.

गाडीत मी तिला क्लासचं सांगितलं. येता येता पंधरा मिनिटं, विद्यार्थ्यांना आनंद होईल वगैरे.

ती म्हणाली, "वेळ उरला तर बघू. मला तेव्हा कसं वाटत असेल, ते मला आत्ता माहीत नाही."

मी तो होकार धरला.

अक्काताईची खोली मागाच्या शेडला लागून होती. वर पत्रा, पुढं हातभर ओटा. माग चालू होते, त्यामुळं तिथं मोठ्यानं बोलल्याशिवाय ऐकू येत नसे. ती दारातच उभी होती. हिरवं लुगडं, नवंकोरं, घडीच्या रेघा तशाच. वय पंचेचाळिशीच्या आत असेल, पण केस कापसाच्या तंतूंनी की वयानं कोण जाणे, पांढरे दिसत होते. मुलगी गाडीतून उतरली तरी ती पुढं आली नाही. मुलगीही गाडीपाशीच थांबली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. शेवटी अक्काताई मला म्हणाली, "सर, आत या म्हनावं. उनात कशाला."

आत एकच लोखंडी खुर्ची होती, तिच्यावर योहानाला बसवलं. मी डब्यावर बसलो. अक्काताई जमिनीवर. मीच आधी तिला निरोप दिला होता की परदेशी माणसाला आपलं पाणी, आपलं तिखट चालत नाही. म्हणून तिनं कोल्ड्रिंकच्या दोन बाटल्या आणि बिस्किटाचा पुडा आणून ठेवला होता. चूल थंड होती.

पहिला अर्धा तास मी चांगलं काम केलं, हे मी सांगितलंच पाहिजे.

योहानानं वही उघडली. तिनं प्रश्न लिहून आणले होते. पहिला प्रश्न तिच्या तोंडून निघेना. तिनं वही माझ्याकडे दिली. लिहिलं होतं, 'मला का दिलंत?'

मी तो तसाच सांगितला. अक्काताईनंही तसंच उत्तर दिलं. नवरा ट्रकखाली गेला तेव्हा ती सहा महिन्यांची गरोदर होती. वय अठरा. सासरच्यांनी पांढऱ्या पायाची म्हणून बाहेर काढलं. भावानं महिनाभर ठेवलं, मग भावजयीनं भांडी वेगळी केली. बाळंतपण संस्थेत झालं. दोन महिने अंगावर पाजलं. मग खोकला लागला, डॉक्टर म्हणाले पोरीला लागेल.

"मी दिली न्हाई वं," ती मला म्हणाली. "ठेवली. तब्येत झाली की नेते म्हनले. परत गेले तवा नेली हुती."

मी ते सांगितलं. 'ठेवली' हा शब्द मी नीट जपून नेला. योहाना खाली बघत ऐकत होती.

मग अक्काताई उठली, तिच्याजवळ गेली आणि तिच्या कानाच्या पाळीला बोट लावलं. "ह्ये बघा. कान मीच टोचवल्यात. सोनाराला बाहेरनं बोलवला हुता. लई रडली हुती."

मी सांगितलं तशी योहाना एकदम रडायला लागली. म्हणाली, "माझे आई-वडील सांगायचे की तू आलीस तेव्हा तुझे कान टोचलेले होते. मला नेहमी वाटायचं, कुणीतरी बसून हे केलं असणार. कुणीतरी माझं डोकं धरलं असणार."

"म्याच धरलं हुतं," अक्काताई म्हणाली.

मग वही बाजूला पडली. अक्काताईनं तिचा हात हातात घेतला, बोटं मोजल्यासारखी एकेक चाचपली. योहानानं करू दिलं. बाटल्या तशाच राहिल्या.

मी घड्याळ पाहिलं. पाच वाजून दहा मिनिटं. क्लासवर चाळीस माणसं जमली असतील. हार आणून ठेवला होता. दोन नगरसेवकांना सांगितलं होतं. फोटोग्राफर तासाच्या हिशोबानं पैसे घेणार होता. मी दोनदा खाकरलो. मग योहानाला म्हणालो, "आपण निघायला हवं. ड्रायव्हरला कोल्हापूरला परत जायचंय."

ड्रायव्हर काही बोलला नव्हता. तो बाहेर पेपर वाचत होता.

योहाना लगेच उठली. तिला वाटलं असणार, इथली अशीच रीत असेल, वेळ झाली की जायचं. ती वाकली, अक्काताईला मिठी मारली, आणि आम्ही बाहेर आलो. गाडीचं दार उघडलं तेव्हा अक्काताई मागनं धावत आली. तिनं योहानाचं मनगट पकडलं आणि माझ्याकडे वळली. मागांच्या खडखडाटात ओरडून म्हणाली, "सर, थांब म्हनावं तिला! थांब म्हनावं!"

योहाना माझ्याकडे बघत होती. "काय म्हणतायत त्या?"

अक्काताईनं मनगट सोडलं नव्हतं. माझ्यासमोर दोन्ही शब्द होते. कुठला कशासाठी ते गावात माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. त्या बाईचा चेहरा माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर होता. कसल्या थांबण्याविषयी ती बोलत होती, हे कळायला इंग्रजीही लागत नव्हतं आणि मराठीही.

मी म्हणालो, "शी सेज, वेट. जस्ट वेट अ मिनिट."

"ओ," योहाना म्हणाली. "ऑफ कोर्स." आणि तिनं अक्काताईकडे बघून मान हलवली. हो म्हणून.

अक्काताईचा चेहरा मी नंतर पुष्कळ वेळा आठवला आहे. तिनं मनगट सोडलं, दोन पावलं मागं गेली, हसली. पुढचे दोन दात नव्हते, तेव्हा तोंडावर हात घेतला. आणि लगबगीनं आत गेली.

आम्ही थांबलो. योहानाला वाटलं, आई काहीतरी द्यायला आणायला गेली. तिनं आपल्या पिशवीत जागा केली. पाच मिनिटं गेली. दहा गेली. यासीननं पेपर घडी करून ठेवला.

"मी आत जाऊ का?" योहाना म्हणाली.

"नको नको. मी बघतो," मी म्हणालो.

आत अक्काताई परातीत तांदूळ धूत होती. चूल पेटवलेली होती. कोपऱ्यात जमिनीवर वाकळ पसरली होती, तिच्यावर धुतलेली चादर, आणि उशी नव्हती म्हणून लुगड्याची घडी करून डोक्याशी ठेवली होती.

"सर, बिनतिखटाचा करते," ती मान वर न करता म्हणाली. "नुसतं दूध-भात खाईल का वं? आनि पानी उकळून ठेवते. तुमी जावा तुमाला काम आसंल तर. आमी दोघी बसतो. न्हाई का बोलता आलं तर न्हाई."

मी तिथं दाराशी उभा होतो. अजूनही वेळ होता. बाहेर जाऊन एक शब्द बदलायचा होता. पण मग योहानानं विचारलं असतं की आधी तसं का नाही सांगितलंत. आणि क्लासवर चाळीस माणसं.

"अक्काताई," मी म्हणालो, "तिला जमत नाही म्हणते. जायलाच हवं."

तिचा हात परातीत थांबला.

"न्हाई म्हनली?"

"हो."

"आत्ता तर व्हय म्हनली."

"ते... तिला नीट कळलं नव्हतं. आता कळलं, तर नाही म्हणाली."

तिनं परातीतलं पाणी हळूहळू ओतलं. तांदूळ हातानं अडवून धरले. एक दाणा सांडू दिला नाही. मग म्हणाली, "बरं. जाऊ द्या. बरोबर हाय तिचं."

ती बाहेर आली नाही. मी गाडीपाशी आलो. योहानानं विचारलं, "त्या येत नाहीत?"

"शी इज टायर्ड," मी म्हणालो. "तिनं तुला आशीर्वाद दिलाय. जा म्हणाली."

योहाना उघड्या दाराकडे बघत राहिली. आतला धूर तेवढा दिसत होता. मग ती गाडीत बसली आणि पिशवीची चेन लावली.

क्लासवर कार्यक्रम झाला. हार घातला, टाळ्या झाल्या. 'हाऊ डू यू लाइक इंडिया' असं चौघांनी विचारलं आणि चौघांनाही तिनं उत्तर दिलं. माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढू दिला. आवटीबाई मागून येऊन माझ्या कानाशी म्हणाल्या, "सर, ह्या रडल्यात काय? डोळे केवढे सुजलेत."

"प्रवासाचा शीण," मी म्हणालो.

त्या फोटोची मी हस्तपत्रकं काढली. 'परदेशी पाहुण्यांनी गौरवलेला क्लास.' भिंतींवर, विजेच्या खांबांवर, सगळीकडे लागली. जूनमध्ये मला दुसरी खोली भाड्यानं घ्यावी लागली.

त्याआधी, एप्रिलमध्ये, शाळेच्या पत्त्यावर तिचं पत्र आलं. आईला वाचून दाखवा, अशी वर विनंती होती. मी ते स्टाफरूममध्ये उघडलं आणि पहिल्या पानानंतर घडी करून खिशात घातलं. बाकीचं घरी, न्हाणीघराचं दार लावून वाचलं.

तिनं लिहिलं होतं की तिनं आईसाठी पाच दिवस मोकळे ठेवले होते. विमान चौदा तारखेचं होतं. पण आईवर भार नको म्हणून ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आईनं विचारलं तर राहायचं, नाहीतर नाही, असं ठरवून आली होती. त्या संध्याकाळनंतर ती चार दिवस कोल्हापुरात एसटी स्टँडसमोरच्या लॉजवर होती. दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याकडची खोली. यासीनला लॉज माहीत होता, तो कुणाला तरी सांगेल, कुणीतरी फोन करेल, असं तिला वाटत होतं. खिडकीतून गाड्या दिसत. इचलकरंजीची कुठली ते तिनं लॉजच्या माणसाकडून समजून घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी ती खाली उतरून त्या गाडीत जाऊन बसलीही. पण कंडक्टरनं डबल बेल द्यायच्या आत उतरली. 'त्यांनी मला थांबायला सांगितलं आणि मी थांबले. पण त्या आत गेल्या आणि परत आल्या नाहीत. माझं काही चुकलं का, एवढं त्यांना विचाराल का?'

मी विचारलं नाही. उत्तरही लिहिलं नाही. आज लिहू, उद्या लिहू असं करत वर्ष गेलं, आणि वर्षानंतर लिहायचं म्हणजे काय लिहायचं, म्हणून राहिलं. अक्काताईची गल्ली मी टाळायला लागलो. बाजारात ती एकदोनदा दिसली तेव्हा मी दुकानात शिरलो.

आठ वर्षांनी, २०११च्या फेब्रुवारीत, जनगणनेचं काम आम्हा शिक्षकांना आलं. मला मिळालेल्या भागात ती गल्ली होती. बदलून घ्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

अक्काताई ओट्यावर बसली होती. मला पाहून उठली. "या सर. किती दिसानं." तिनं तीच लोखंडी खुर्ची पुढं केली.

मी खाली मान घालून फॉर्म भरायला लागलो. नाव, वय, शिक्षण, काम. घरात माणसं किती? एक. मग बायकांसाठीचा रकाना आला. तो सगळ्याच लग्न झालेल्या बायकांना विचारायचा असतो.

"एकूण मुलं किती झाली?"

"एक."

"हयात किती?"

"एकच की. हाय न्हवं ती," अक्काताई म्हणाली. "न्हाई म्हनून गेली, पन हाय. लिवा तुमी."

मी लिहिलं आणि मान वर केली, तेव्हा तिच्या मागची भिंत दिसली. देवाच्या फळीखाली माझं हस्तपत्रक चिकटवलेलं होतं. कडा पिवळ्या पडल्या होत्या. माझ्या चेहऱ्यावर कॅलेंडरमधली लक्ष्मी कापून चिकटवली होती, त्यामुळं तिथं फक्त योहाना उभी होती.

ती माझ्या नजरेमागं वळली आणि ओशाळली. "खांबावरनं काढलं. राग मानू नगा सर. तिचा दुसरा फोटू न्हाई माझ्याकडं." मग म्हणाली, "माझ्याकडं न्हाई ऱ्हायली, पन तुमच्याकडं तरी आली घडीभर. हार घातलाय तिला. बघून बरं वाटलं. तिला तरी कशाला दोस द्यायचा? आईनं ठेवून घेतली न्हाई, तर पोरगी कशाला ऱ्हाईल?"

मी तिची सही म्हणून अंगठा घेतला आणि पुढच्या घरी गेलो. त्या दिवशी आणखी अकरा घरं केली.

तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, पत्र घेऊन परत गेलो. ती रहाटावर कांड्या भरत होती. मी म्हणालो, "अक्काताई, हे योहानाचं पत्र आहे. आठ वर्षांपूर्वी आलेलं." आणि तिनं काही विचारायच्या आत वाचायला लागलो. ओळ वाचायची, मराठीत सांगायची. काही कमी केलं नाही, काही जास्त केलं नाही. कांडी भरून वर दोरा गुंतायला लागला तरी तिचा हात फिरत होता. मी पत्रातल्या लॉजच्या खिडकीशी आलो तेव्हा थांबला. मी शेवटपर्यंत वाचलं.

"सर," ती म्हणाली, "तुमी तवा तिला काय म्हनला?"

"वेट."

"म्हंजी?"

"जरा थांब."

ती विचार करत राहिली. मग म्हणाली, "मी बी थांबच म्हनले हुते की. थांब म्हनावं, आसं म्हनले. मग चूक माझीच झाली म्हनायची. मी 'ऱ्हा' म्हनायला पायजे हुतं. तुमी काय करनार? मी म्हनले तेच तुमी सांगितलं."

ही सबब आठ वर्षं मी स्वतःला देत आलो होतो. नेमकी हीच, ह्याच शब्दांत. आता ती मला तिच्या हातून मिळत होती.

"नाही," मी म्हणालो. "मला कळलं होतं. तुम्ही काय म्हणताय ते मला कळलं होतं. मला तिला क्लासला न्यायचं होतं, म्हणून मी तसं सांगितलं. आणि ती नाही म्हणाली नव्हती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. ते मी आत येऊन तुम्हाला खोटं सांगितलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. कांडीवरचा गुंता सोडवायला लागली. दोरा दातानं तोडला. पुन्हा ओवायला गेली तर ओवेना.

"तुमी जावा आता," ती म्हणाली.

मी जायला निघालो तशी म्हणाली, "कागूद ठेवून जावा."

चार दिवसांनी शाळेच्या शिपायाबरोबर तिनं निरोप पाठवला की पत्र लिहायचंय. मी गेलो. तिनं सांगितलं आणि मी लिहिलं. अर्धं पान झालं. खाली मी माझं स्वतःचं लिहिलं, सगळं, आणि तिला वाचून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं. पत्र आठ वर्षांपूर्वीच्या पत्त्यावर गेलं आणि दोन महिन्यांनी परत आलं. त्यावर परक्या भाषेत शिक्का होता. पुण्याला परचुरेबाईंची चौकशी केली. त्या वारल्या होत्या आणि संस्था बंद झाली होती. तिथल्या एका जुन्या कारकुनानं नवा पत्ता शोधायचं कबूल केलं. नंतर तो फोन उचलेना.

मे महिन्यात एका सकाळी अक्काताई माझ्या दाराशी आली. तेच हिरवं लुगडं, आता विटलेलं. माझी बायको म्हणाली, आत या. ती आली नाही.

"सर, मला ते लॉज दाखवा," ती म्हणाली.

आम्ही एसटीनं कोल्हापूरला गेलो. ती खिडकीशी बसली, मी शेजारी. ती प्रत्येक थांब्याला मान वळवून किती माणसं चढतात, उतरतात ते बघत होती. स्टँडवर उतरल्यावर मी रस्त्यापलीकडे बोट केलं. लॉजचं नाव बदललं होतं, खाली मोबाइलचं दुकान आलं होतं. पण दुसरा मजला तसाच होता. रस्त्याकडे तीन खिडक्या.

"ह्यातली कुठली?"

"ते लिहिलं नाहीये," मी म्हणालो.

रिक्षावाले आम्हाला बाजूला व्हा म्हणून ओरडत होते. ती हलली नाही. तिन्ही खिडक्या तिनं एकेक करून पाहिल्या. डावीकडच्या खिडकीत कुणाचा तरी टॉवेल वाळत होता. मी जवळच्या टपरीवरून चहा आणला, तो तिनं घेतला आणि न पिता हातात धरून ठेवला.

मागं आमचीच गाडी वळून फलाटाला लागत होती. कंडक्टर 'इचलकरंजी, इचलकरंजी' असं ओरडला. अक्काताईनं वळून गाडीकडे पाहिलं, मग परत वर खिडक्यांकडे.

"किती टाइम लागला आपल्याला यायला?" तिनं विचारलं.

"तास. सव्वा तास."

ती मान हलवत राहिली.

"म्हंजी घर काय लई लांब न्हवतं तिला," ती म्हणाली.